नाव नसलेल्या ३६ जणी

निकालपत्र हा वाङ्मयप्रकार नव्हे, म्हणून आपण साहित्याचे अभ्यासक त्याच्या वाटेला सहसा जात नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाचे १९७३ सालचे एक छोटेखानी निकालपत्र आपण वाचायला हवे, असे आम्हांस वाटते.

प्रसंग रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजातला, जून १९७२ मधला. काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले. त्यांतले काही विवस्त्र होते. ३६ विद्यार्थिनींनी प्राचार्यांकडे गोपनीय तक्रार केली. चौकशी समितीने मुलींचे जबाब मुलांच्या गैरहजेरीत नोंदवले, इतरांच्या छायाचित्रांत आरोपितांची छायाचित्रे मिसळून ओळख पटवली आणि मग मुलांना आरोप सांगून त्यांचे म्हणणे ऐकले. दोषी ठरलेल्यांना दोन वर्षांसाठी काढून टाकण्यात आले.

मुले न्यायालयात गेली. साक्षी आमच्यासमोर झाल्या नाहीत, उलटतपासणी करता आली नाही, अहवालही मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने ते फेटाळले. नैसर्गिक न्यायाचा साचा सर्वत्र एकच नसतो. मुलींना समोरासमोर उभे केले असते, तर त्यांना पुढे सूडाला तोंड द्यावे लागले असते, असा निकालाचा आशय आहे.

मुलांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. आपल्याविरुद्ध कोण काय बोलले हे न कळता शिक्षणाची दोन वर्षे गमावणे ही लहान गोष्ट नाही. पण पडदा नसता, तर मुली बोलल्या असत्या का? खरी उणीव निराळीच होती. दोन्ही बाजूंचे संरक्षण समितीच्या विवेकावर सोडलेले होते. अशा तक्रारींसाठी लेखी नियम नव्हता.

तो यायला काळ लागला. १९९७ मध्ये विशाखा निकाल आला. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर २००४ साली न्यायालयाने तक्रार समितीचा अहवाल शिस्तभंगाच्या कारवाईत चौकशी अहवाल मानण्यास सांगितले. पुढे २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम झाले. त्यांनुसार तक्रारीची प्रत सात दिवसांत आरोपिताला द्यावी लागते, उत्तरासाठी त्याला दहा दिवस मिळतात, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते आणि अपिलाला तीस दिवसांची मुदत असते. ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन दोघांच्याही बाबतीत आहे.

म्हणजे मुलाला रांचीत न मिळालेला कागद आज मिळतो. त्या कागदावर मुलीचे नाव असते. एकाच्या हक्काची किंमत दुसऱ्याच्या निर्धास्तपणातून वळती होते, हा पेच नियमांनी सोडवलेला नाही, फक्त लिहून काढला आहे. लिहिल्यामुळे त्यावर वाद तरी घालता येतो.

रांचीचा खटला आजही एका आरोपित विद्यार्थ्याच्या नावाने ओळखला जातो. त्या मुली मात्र निकालपत्रात एक आकडा होऊन राहिल्या आहेत. त्या आकड्यामुळेच त्यांना बोलता आले, हे वाचताना विसरू नये.