दोन हजारांचा हेडसेट आणि शंभर वर्षांचा इतिहास

१९१० साली अमेरिकेतल्या यूटा राज्यातून नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने तिथल्या नौदलाला एक पत्र पाठवले आणि स्वतःच्या हाताने बनवलेला हेडफोनचा एक जोड. नौदलाने तो तपासून पाहिला. हातात असलेल्या फोनपेक्षा तो कितीतरी चांगला निघाला. मागणी गेली, तर बाल्डविनचे उत्तर आले की एका वेळी दहाच देता येतील. कारण सगळा कारखाना त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात होता.

आज पोरांच्या डोक्यावर जो गेमिंग हेडसेट दिसतो, त्याचा हा एक पूर्वज. त्याच्या जन्माचा गाण्याशी संबंध नव्हता आणि खेळाशी तर नव्हताच. त्या काळच्या बिनतारी यंत्रात आवाज वाढवण्याची सोय नव्हती. दूरच्या जहाजाचा संदेश जेवढा बारीक यायचा तेवढाच कानाने पकडायचा. म्हणून कानाला लावायचे यंत्रच तिखट हवे होते.

मी सिग्नलचा हवालदार, सध्या पोस्टिंग महूला. मराठी माणसाला महू माहीत आहे ते बाबासाहेबांचे जन्मगाव म्हणून. सुभेदार रामजी इथे नोकरीला होते आणि १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब इथल्याच लष्करी छावणीत जन्मले. आम्हा सिग्नलवाल्यांना महू आणखी एका कारणाने जवळचे. आमच्या कोअरचे मोठे शिक्षण इथल्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये होते. कोअरचा जन्म १५ फेब्रुवारी १९११ चा, फत्तेगडला उभ्या केलेल्या सिग्नल कंपन्यांपासून. म्हणजे बाल्डविनचा हेडफोन आणि आमची कोअर जवळपास एकाच वयाचे.

हे सगळे आठवायला निमित्त झाले आमच्या डिटॅचमेंटमधल्या एका सांगलीच्या पोराचे. "उस्ताद, धाकट्याला गेमचा हेडफोन पाहिजे. दोन हजारांच्या आत चांगला आवाज असलेला कुठला घेऊ?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर नुसत्या मॉडेलच्या नावात मिळत नाही. दर सहा महिन्यांनी बाजारातली नावे बदलतात. हेडसेटकडून काय मागायचे, ते मात्र गेल्या शंभर वर्षांत ठरत गेले आहे.

पहिली मागणी होती शब्दांची. दुसऱ्या महायुद्धात रणगाडा आणि बॉम्बर विमान यांच्या आत इतका गोंगाट असायचा की शेजारच्या माणसाचे बोलणे समजेना. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात यासाठी खास प्रयोगशाळा निघाली. तिथे माणसांना गोंगाटात बसवून शब्दांच्या याद्या वाचून दाखवत आणि किती शब्द बरोबर ऐकले ते मोजत. हेडफोन आणि माइक चांगला की वाईट, हे या मोजणीवर ठरू लागले. आवाज गोड आहे का हे कोणी विचारत नव्हते. शब्द कळला का, एवढेच बघायचे. आज आपण अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतो ती अक्षरमालाही अशाच चाचण्यांतून घासून तयार झाली आणि १ मार्च १९५६ पासून विमान वाहतुकीत लागू झाली.

ही चाचणी घरी फुकटात करता येते. नवीन हेडसेटचा माइक तोंडापाशी आणा, पंखा चालू ठेवा आणि फोनवर रेकॉर्ड करा: सात, साठ, आठ, पात, बात, भात. आकडे आणि शब्द उलटसुलट क्रमाने बोला. मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ऐकवा आणि त्याला लिहून काढायला सांगा. 'सात'चा 'आठ' झाला तर माइक कामाचा नाही. स, श, थ, फ यांचा आवाज बारीक आणि वरच्या पट्टीचा असतो. जुन्या टेलिफोनची तार ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेत असे, म्हणून तिच्यावर स आणि फ यांची गल्लत व्हायची. स्वस्त माइकही तिथेच मार खातो. तोंडापुढे दांडीवर येणारा माइक तारेत अडकवलेल्या माइकपेक्षा बरा, कारण तोंड जवळ आले की पंखा आपोआप मागे पडतो. वैमानिक हे कधीच शिकले होते. १९६९ मध्ये चंद्रावरून नील आर्मस्ट्राँगचा आवाज पृथ्वीवर आला तोही प्लँट्रॉनिक्सच्या हेडसेटमधून, आणि ती कंपनी १९६१ साली दोन वैमानिकांनीच काढलेली होती.

दुसरी मागणी सुरांची, आणि ती बरीच उशिरा आली. जर्मनीत ऑयगेन बायर यांच्या कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ हा हेडफोन आणला. लाउडस्पीकरसारखेच छोटे यंत्र, पण कानापाशी बसवलेले. आजच्या बहुतेक हेडसेटमध्ये तीच पद्धत आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन लोकांपुढे ठेवला आणि हेडफोन ऑपरेटरच्या डोक्यावरून रसिकाच्या डोक्यावर गेला. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि तो रस्त्यावर आला. आपल्या ओळखीची साडेतीन मिलिमीटरची पिनही त्या लाटेत घरोघर पोचली. तिची मोठी बहीण, सव्वासहा मिलिमीटरची पिन, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधून आलेली. ऑपरेटर बाई जी पिन काढून घालून दोघांचे बोलणे जोडून द्यायची, तीच.

पिनचा विषय निघालाच आहे तर खरेदीपूर्वी ती नीट पाहा. पिनवर दोन काळ्या रेघा असतील तर तिच्यातून फक्त ऐकू येते. तीन असतील तर माइकही त्याच पिनमधून जातो. मोबाइलला तीन रेघांची चालते. जुन्या कॉम्प्युटरला मात्र हिरवे आणि गुलाबी अशी दोन भोके असतात, हिरवे ऐकायला आणि गुलाबी माइकला. तिथे एका पिनचे दोन करणारी छोटी वायर लागते. ती डब्यात आहे का ते आधी बघा. नाहीतर माइक चालत नाही म्हणून हेडसेट परत करण्याची वेळ येते, आणि हेडसेटमध्ये दोष काहीच नसतो.

तिसरी मागणी दिशेची. गेममध्ये खरे मोल हिचे आहे, आणि फसवणूकही इथेच जास्त होते.

१९०७ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी मांडले की माणूस आवाजाची दिशा दोन गोष्टींवरून ओळखतो. आवाज जवळच्या कानात आधी पोचतो आणि थोडा मोठाही लागतो. डोके मध्ये असल्याने जो फरक पडतो तो जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांश एवढा. मेंदू त्याच्याही कितीतरी पट बारीक फरक ओळखतो. पहिल्या महायुद्धात याच हिशेबावर तोफा शोधल्या गेल्या. लॉरेन्स ब्रॅग, ज्यांना पंचविसाव्या वर्षी नोबेल मिळाले, ते फ्रान्सच्या आघाडीवर याच कामावर होते. ठरावीक अंतरांवर माइक मांडायचे, शत्रूच्या तोफेचा आवाज प्रत्येकात किती उशिरा पोचला ते मोजायचे आणि नकाशावर तोफ पकडायची. सुरुवातीला माइक तोफेच्या खोल दणक्यापेक्षा गोळीच्या कडाक्यालाच जास्त दाद द्यायचे. १९१६ मध्ये टकर यांनी तापलेल्या तारेचा माइक बनवला आणि काम जमले.

आपल्यापैकी जे पलटणीत राहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. गोळी डोक्यावरून जाताना 'कडाक' वाजते, मागून बंदुकीचा 'धप' येतो. कडाक फसवा असतो. बंदूक कुठे आहे ते धप सांगतो, आणि दोन्हींमधला वेळ अंतर सांगतो. गेमधली पोरे जिन्यावर पाऊल वाजले की डावीकडे वळतात, ती हीच विद्या वापरतात. फरक एवढाच की तिथे चुकले तर पुन्हा सुरू करता येते.

आता डब्यावरचे '७.१ सराउंड' बघा. कान दोनच आहेत आणि बहुतेक स्वस्त हेडसेटमध्ये स्पीकरही दोनच. बाकीचे पाच-सहा सॉफ्टवेअरने दाखवलेले. दोन स्पीकरमधून दिशा दाखवता येत नाही असे नाही. ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला तो याच कल्पनेवर. पण त्यासाठी डावा आणि उजवा स्पीकर अगदी जुळे हवेत. एक थोडा मोठा किंवा वेगळ्या सुराचा वाजला की पाऊल कुठले ते चुकलेच. म्हणून दुकानात सात-एक विचारू नका. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो करा आणि कोणाचे तरी साधे बोलणे लावा. आवाज बरोबर दोन भुवयांच्या मध्ये यायला हवा. एका बाजूला सरकत असेल तर तो हेडसेट ठेवून द्या. मग हेडसेट उलटा घाला. सरकलेला आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडसेटचा, तिथेच राहिला तर दोष कानाचा. ही दुसरी गोष्ट हेडसेटपेक्षा महत्त्वाची आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

गेमिंग हे नाव पाहून जास्त पैसे देण्याची गरज नाही, याचा एक चांगला दाखला आहे. २०१४ मध्ये आलेला हायपरएक्स क्लाउड गेम खेळणाऱ्यांत खूप गाजला. त्याचा सांगाडा होता टाकस्टार या चिनी कंपनीच्या स्टुडिओ हेडफोनचा. म्हणजे आधी नीट ऐकवणारा हेडफोन आणि मग त्याला माइक. दोन हजारांत हाच क्रम धरा. दिव्यांची रोषणाई, थरथरणारी वाटी, मोठमोठे आकडे यांचे पैसे स्पीकरमधूनच कापले जातात. साधा तारेचा हेडसेट घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज मागे राहतो. सिनेमात ते सांभाळून घेतले जाते, पण गेममध्ये गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो. वजन तीनशे ग्रॅमच्या आत असू द्या, आणि गाद्या सुट्या मिळतात का ते विचारा. सगळ्यात आधी फाटतात त्या गाद्याच.

गादीवर मी जोर देतो त्याला कारण आहे. अमर बोस, ज्यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक होते आणि १९२० मध्ये अमेरिकेला गेले, त्यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात गोंगाट यंत्राने कापण्याची कल्पना सुचली. वैमानिकांसाठी तसा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडले. ते यंत्र इंजिनाची एकसारखी घरघर उत्तम कापते. दोन हजारांत त्याची अपेक्षा धरू नये. पण कानाला सगळीकडून नीट टेकणारी बंद वाटी पंखा आणि टीव्ही बऱ्यापैकी बाहेर ठेवते. बाहेरचा आवाज आत आला नाही की पोरगा व्हॉल्यूम वाढवत नाही.

खरी गोष्ट ही आहे. आपल्या गावात रिटायर झालेले तोफखान्याचे काका बघा. हाक ऐकू येते, पण काय म्हटले ते कळत नाही. लोक म्हणतात लक्ष नाही. लक्ष असते, पण स्फोटांनी आणि गोंगाटाने सगळ्यात आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते आणि स, श, थ, फ त्याच भागात राहतात. कानाच्या आतल्या या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. काकांनी ते देशासाठी गमावले. पोरांनी ते गेमसाठी गमावण्याचे काहीच कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालेल, मुलांसाठी मर्यादा ७५ ची. आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. गेम खेळणाऱ्याला दहा तास दोन दिवसांत भरतात.

म्हणून सांगलीच्या पोराला मी एवढेच सांगितले: तारेचा घे, बंद वाटीचा घे, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का बघ, सात-साठ-आठ बोलून माइक तपास, आणि हेडसेट घातलेल्या धाकट्याला हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मार. त्याने वळून पाहिले तर व्हॉल्यूम ठीक आहे. उलटा घालून पाहिला आणि आवाज एकाच बाजूला राहिला, किंवा कानात शीळ वाजत असेल, तर हेडसेटचे पैसे बाजूला ठेवून आधी कानाच्या डॉक्टरकडे ने. माजी सैनिक बंधूंनीही ती चाचणी टाळू नये. आपल्याला पन्नाशीनंतरही नातवाचे 'सात' आणि 'आठ' वेगळे ऐकू यायला हवेत.

जय हिंद.