लाळग्रंथींतील काळे ठिपके: एका तपासणीची कुळकथा

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर उलटली, म्हणजे डोळे व तोंड कोरडे पडत जातात. या विकाराला शोग्रेनचा आजार म्हणतात आणि त्याच्या निदानासाठी कानाखाली व जबड्याखाली प्रोब फिरवून सोनोग्राफी करण्याची पद्धत आज संधिवाततज्ज्ञांच्या परिचयाची झाली आहे. ही तपासणी इतकी सोपी आहे की ती आजाराच्या शोधानंतर लगेच रूढ झाली असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिला लागलेला काळ मोठा आहे, आणि त्यातील बराचसा काळ प्रतिमा मिळवण्यात नव्हे, तर ती कशी वाचावी यावर एकमत होण्यात गेला.

स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली सादर केलेल्या प्रबंधात डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांचा अभ्यास होता आणि त्यांपैकी १३ जणींना सांधेदुखीचा विकार असल्याचे त्यांनी नोंदवले होते. कोरडेपणा हा केवळ डोळ्याचा दोष नसून साऱ्या शरीराला व्यापणाऱ्या विकाराचे अंग आहे, हे त्यांचे खरे योगदान होय. मात्र परीक्षकांनी या प्रबंधाला अध्यापनपदासाठी पुरेशी श्रेणी दिली नाही, आणि १९४३ साली ऑस्ट्रेलियातील ब्रूस हॅमिल्टन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केल्यावरच तो जगभर वाचला गेला.

ग्रंथीच्या आत काय बिघडले आहे हे पाहण्यासाठी तोवर वैद्यांकडे होती ती सायलोग्राफी, म्हणजे लाळवाहिनीच्या तोंडातून आत रंगद्रव्य सोडून काढलेले क्ष-किरण चित्र. त्यात दिसणाऱ्या रंगद्रव्याच्या साठ्यांची, बारीक बिंदूंपासून मोठ्या पोकळ्यांपर्यंत, प्रतवारी रुबिन आणि होल्ट यांनी १९५७ साली लावून दिली. पुढे १९६८ मध्ये चिझम आणि मेसन यांनी खालच्या ओठातील सूक्ष्म लाळग्रंथींचा तुकडा काढून त्यात जमलेल्या लिम्फोसाइट पेशींचे पुंजके तपासण्याची रीत मांडली, आणि निदानाचा भार मुख्यतः तिच्यावर पडला. दोन्ही रीती उपयुक्त ठरल्या, पण एकीत वाहिनीत नळी घालावी लागे आणि दुसरीत ओठाला चीर द्यावी लागे, त्यामुळे त्या पुन्हापुन्हा करता येण्याजोग्या नव्हत्या.

ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटातील गाठी आणि गर्भ ध्वनिलहरींनी पाहण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला होता, तरी ते तंत्र लाळग्रंथींपर्यंत यायला तीन दशके लागली. ध्वनीची वारंवारता जितकी जास्त तितका तपशील बारीक दिसतो, पण लहरी तितक्याच लवकर शोषल्या जातात. म्हणून खोलवरच्या अवयवांसाठी कमी वारंवारता वापरावी लागते. लाळग्रंथी त्वचेलगतच असल्याने उच्च वारंवारतेच्या प्रोबला त्या सोयीच्या आहेत, आणि असे प्रोब सुधारल्यावरच हे काम शक्य झाले. १९८८ साली अमेरिकेत ब्रॅडस व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर बेल्जियममध्ये डी क्लर्क यांच्या गटाने या ग्रंथींच्या सोनोग्राफीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी ग्रंथी पडद्यावर एकसारख्या करड्या रव्याची दिसते. आजारी ग्रंथीत त्या रव्यात लंबगोल काळे ठिपके उमटतात, मधूनमधून तंतुमय ऊतीच्या पांढऱ्या रेषा दिसतात आणि कडाही अस्पष्ट होतात.

हे ठिपके किती असले म्हणजे आजार समजावा, हा प्रश्न मात्र प्रतिमेने सोडवला नाही. इटलीत डी वीटा यांच्या गटाने १९९२ साली आपली प्रतवारी मांडली. स्लोव्हेनियातील ल्युब्लियानाच्या होचेवार यांच्या गटाने २००५ साली पाच लक्षणांना मिळून ० ते ४८ गुणांची मोजपट्टी तयार केली आणि १७ हा उंबरठा ठरवला. २०१४ साली शोग्रेन यांच्याच देशात थिआंडर आणि मांडल यांनी ० ते ३ अशी सुटसुटीत पट्टी वापरून दाखवली. प्रत्येक केंद्राचे माप वेगळे असल्याने एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी निरर्थक ठरे, आणि पाहणाऱ्याच्या नजरेवर विसंबलेली तपासणी हा आक्षेप त्यामुळेच टिकून राहिला. २०१६ साली अमेरिकी आणि युरोपीय संधिवात संघटनांनी संयुक्त निकष ठरवले, तेव्हा त्यात सोनोग्राफीला स्थान मिळाले नाही ते एका अर्थी योग्यच होते, कारण सर्वमान्य माप नसलेल्या गोष्टीला गुण देता येत नाहीत. ती उणीव ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ साली ० ते ३ अशी एकसंध प्रतवारी देऊन बरीचशी भरून काढली.

काळे ठिपके केवळ शोग्रेनच्याच आजारात दिसतात असे नाही. १८८८ साली योहान मिकुलिच यांनी अश्रू व लाळग्रंथी सुजलेला एक शेतकरी रुग्ण वर्णिला होता. तो विकार १९५३ पासून शोग्रेनचाच मानला गेला, परंतु चालू शतकात तो आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी निगडित निराळा आजार असल्याचे ओळखले गेले आणि त्याच्या ग्रंथींतही तसेच काळे भाग आढळतात. सार्कॉइडोसिस या विकाराचीही हीच अडचण आहे, तर शोग्रेनच्या आरंभीच्या अवस्थेत ग्रंथी निर्दोष दिसू शकते. म्हणून प्रतिमा रक्ततपासणीच्या जोडीनेच वाचावी लागते.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २०२० साली २०१६ च्या संयुक्त निकषांत सोनोग्राफीला १ गुण देऊन पाहिला, तेव्हा निकषांची अचूकता टिकून राहिली. या निकषांत रक्ततपासणीत शोधल्या जाणाऱ्या एसएसए या प्रतिपिंडाला ३ गुण असतात आणि वर्गीकरणाला ४ लागतात. त्यामुळे रक्तात हे प्रतिपिंड असलेल्या आणि ग्रंथीची प्रतिमा स्पष्टपणे बिघडलेल्या रुग्णाच्या ओठाला चीर देण्याची गरज या हिशेबात उरत नाही, तर प्रतिपिंड नसलेल्यांसाठी १९६८ सालची ती रीत अद्याप आवश्यक आहे.