कावसजीचें नाक

‘नाक कापणें’ म्हणजे अब्रू घेणें, असा मराठींत अर्थ रूढ आहे. कावसजी नांवाच्या एका मराठा शेतकऱ्यावर हा प्रसंग अक्षरशः ओढवला. टिपू सुलतानाशीं १७९२ सालीं संपलेल्या युद्धांत तो इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकण्याच्या कामावर होता. शत्रूच्या हातीं सांपडल्यावर त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. पुढें वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीटकरी जातीच्या कारागिरानें त्याला नवें नाक बसविलें. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नें ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत ही हकीकत छापली.

त्या कारागिराची रीत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व कडेनें रेघ आखावयाची. रेघेच्या आंतील कातडी सोडवावयाची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें एक अरुंद पट्टी न तोडतां ठेवावयाची. नंतर नाकाच्या जागचा जुना वण कापून काढावयाचा, आणि कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खालीं त्या ताज्या जखमेंत बसवावयाची. वरून काताच्या लेपाच्या कापडी पट्ट्या लावीत. चार दिवसांनीं तुपांत भिजविलेलीं फडकीं. सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती अरुंद पट्टी तोडीत.

यांतील एकहि कृति निरर्थक नव्हती. वणाला वण जुळत नाहीं. ताज्या कडाच एकमेकींस धरतात. जखम होतांच रक्त गोठून तिचें तोंड बंद होतें. पांढऱ्या पेशी जंतु व मृत पेशी खाऊन जागा साफ करतात. कांहीं दिवसांत केशवाहिन्यांचे नवे कोंब तेथें शिरतात, आणि दुसऱ्या पेशी कोलॅजेनचे तंतु विणून सांधा मजबूत करतात. हें होईपर्यंत उसन्या कातडीला रक्त मिळे तें त्या पट्टींतूनच. ती पहिल्याच दिवशीं तोडली असती, तर नवें नाक काळें पडून गळालें असतें.

कावसजीचा हात मात्र परत येणें शक्य नव्हतें. मोडलेलें हाड शरीर स्वतः सांधतें: मोडीभोंवतीं रक्त गोठतें, तेथें कूर्चेचा मऊ सांधा धरतो, त्याचें हाड बनतें, आणि पुढें कित्येक महिने झिजत व भरत तें मूळच्या आकारास येतें. नीट जुळविलेलें हाड वण न ठेवतां भरून येतें, ही त्याची विशेषता. परंतु समूळ गेलेला हात मनुष्यास पुन्हां फुटत नाहीं.

गालाच्या कातडीनें नाक घडविण्याची कृति सुश्रुतसंहितेंत आहे. पुण्याची हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें प्रथम प्रेतांवर सराव केला, २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली, आणि १८१६ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वैद्यकांत ही रीत ‘हिंदी पद्धति’ म्हणून ओळखली जाऊं लागली, आणि कपाळाच्या कातडीनें नाक घडविण्याची क्रिया आजहि चालू आहे. जेम्स वेल्स या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढलें. त्यामुळें त्याचें नांव व चेहरा दोन्ही टिकले. ज्यानें तो चेहरा परत दिला, त्याचें नांव मात्र त्या हकीकतींत कोणीं लिहून ठेवलें नाहीं.