सज्जतेनुसार नेतृत्व : एका विचाराची कुळकथा

हाताखालच्या माणसाची तयारी पाहून वरिष्ठाने आपल्या वागण्याची तऱ्हा बदलावी, हा विचार आज सर्वमान्य असला, तरी त्याचे कुळ शोधू जाता प्रथम लागतो तो १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचा पत्ता. त्याने लिपिट व व्हाइट या सहकाऱ्यांसह आयोवा विद्यापीठात दहा-दहा वर्षांच्या मुलांची मंडळे स्थापून त्यांना मुखवटे करण्यासारखी कामे दिली. एका तऱ्हेचा नायक पुढची पायरी मागची संपेपर्यंत सांगतच नसे, तर दुसरा आरंभीच सर्व कामाचा आराखडा मुलांपुढे ठेवून त्यांच्याशी विचारविनिमय करी. हुकमी नायक खोलीबाहेर गेला की मुलांचे हात थांबत आणि विचारविनिमयाच्या मंडळातले काम मात्र पुष्कळसे चालू राही, ही गोष्ट १९३९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा नेतृत्वाची तऱ्हा हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय ठरला.

पुढे १९४५ पासून ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखविले की, कामाची शिस्तबद्ध आखणी आणि माणसांविषयीची आस्था ही एकाच काठीची दोन टोके नसून दोन स्वतंत्र परिमाणे आहेत, आणि एकाच अधिकाऱ्याच्या ठायी ती दोन्ही भरपूर असू शकतात. या शोधाच्या आधारे ब्लेक व माउटन यांनी १९६४ साली, दोहोंचा उत्कर्ष साधणारी तऱ्हाच सर्वोत्तम, असा निर्वाळा दिला. परंतु सर्वोत्तम अशी एकच तऱ्हा संभवते काय, ही शंका रेडिन, फीडलर आदी अभ्यासकांनी त्याच दशकात उपस्थित केली.

या शंकेला अत्यंत सुगम रूप दिले ते पॉल हर्सी व केन ब्लँचर्ड यांनी, १९६९ साली. मूल वाढत जाते तसे आईबापांचे वागणे बदलत जाते, हे त्यांच्या मांडणीचे मूळ उदाहरण असून, प्रथम स्पष्ट आज्ञा, मग कारणे पटवून देणे, त्यानंतर निर्णयात सहभाग आणि अखेरीस पूर्ण मुखत्यारी, अशा चार अवस्था त्यांनी कल्पिल्या. प्रारंभी त्यांनी ‘परिपक्वता’ ही कसोटी मानली होती; पुढे हर्सी यांनी तिच्या जागी ‘सज्जता’ आणली, आणि कौशल्य व इच्छा ही सज्जतेची दोन अंगे ठरली.

या सिद्धान्ताचे मर्म असे की, सज्जता ही माणसाची नव्हे, तर त्या त्या कामापुरती मोजावयाची असते. बारा वर्षे जमाखर्चाच्या वह्या बिनचूक लिहिणाऱ्या कारकुनावर उद्या तक्रारदारांच्या सुनावणीचे काम आले, तर वह्यांच्या बाबतीत त्याच्यावर नजर ठेवणे हा त्याचा अवमान होईल. आणि सुनावणीच्या बाबतीत मात्र कोणाला आधी बोलावयाचे, कोणता कागद मागून घ्यावयाचा, कैफियत कशी लिहून घ्यावयाची, हे त्याच्याशेजारी बसून दाखविणे हेच वरिष्ठाचे कर्तव्य ठरेल. एकाच मेजावर, एकाच दिवशी, एकाच माणसाशी दोन रीतींनी वागण्याचा विवेक ज्याच्या ठायी नाही, त्याच्या हाती अधिकार असला तरी नेतृत्व आहे असे म्हणता येणार नाही.

या सिद्धान्ताला टीकाही झेलावी लागली. १९८३ साली ग्रेफ यांनी त्याच्या मांडणीतील तार्किक विसंगती दाखविल्या, आणि वेचिओ यांनी १९८७ साली अमेरिकेतील माध्यमिक शिक्षकांवर त्याची परीक्षा घेतली, तेव्हा अनुभवी शिक्षकांविषयीची भाकिते नीटशी खरी ठरली नाहीत. परंतु नवख्याला स्पष्ट मार्गदर्शनाची गरज अधिक असते, या भागाला आधार मिळाला. मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अननुभवी माणसाला विश्वासाच्या नावाखाली वाऱ्यावर सोडून पुढे त्याच्याच चुकांचा जाब त्याला विचारणे हा जुलमाइतकाच मोठा अन्याय आहे. आणि माणसाने कामास योग्य व्हावे, ही जबाबदारी त्याच्या एकट्याची नसून प्रथम त्याच्या वरिष्ठाची आहे, हे या सिद्धान्ताने निःसंदिग्धपणे सांगितले.