जखमींचा आकडा

गेल्या आठवड्यात मी ऑन-कॉल होतो. रात्री दोनला फोन केकाटला. कुठलातरी सर्व्हर झोपला होता. झोपलो तर मीही होतो, पण माझं कोण ऐकतो! उठलो, लॅपटॉप उघडला, चाळीस मिनिटांत प्रकरण मिटलं. सकाळी टीमने पाठ थोपटली. आमच्या धंद्यात या कामाला 'फायरफायटिंग' म्हणतात.

मी मूळचा वर्ध्याचा. हा शब्द मी पूर्वी सर्रास वापरायचो. ३१ मे २०१६ नंतर मात्र तो तोंडात येताना जरा अडखळतो.

त्या दिवशी रात्री एकच्या सुमारास पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. पुलगाव हे वर्धा जिल्ह्यातलं, देवळी तालुक्यातलं, मुंबई-हावडा लाइनवरचं गाव. पुण्या-मुंबईच्या मित्रांना नाव सांगितलं तर "कुठे आलं हे?" विचारतात. पण देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा साठ्यांपैकी एक इथे आहे. पसारा जवळपास सात हजार एकरांचा. आग लागली त्या शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग होते. स्फोट झाला तेव्हा आजूबाजूच्या आगरगाव, नागझरीसारख्या गावांतली माणसं लेकरंबाळं घेऊन अंधारात गाव सोडून निघाली.

आणि नेमकी त्याच वेळी काही माणसं उलट दिशेने, आगीकडे जात होती. भांडाराच्या अग्निशमन दलातले कर्मचारी, डीएससीचे जवान आणि त्यांच्यासोबत दोन लष्करी अधिकारी. शेडमध्ये काय ठेवलंय हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी गेले.

सकाळी मी घरी फोन लावला, मग दिवसभर बातम्या बघत बसलो. मृत १६, जखमी अमुक. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आले, सावंगीच्या रुग्णालयात जाऊन जखमींना भेटले. पुढे मृतांचा आकडा १६ वरून वाढत १९ वर गेला. आणि मग बातमी संपली.

मी आकड्यांच्या धंद्यातला माणूस. म्हणून इतिहासातले आणखी दोन आकडे काढून बघितले.

पहिला, १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरलेली. आग विझवता विझवता दोन प्रचंड स्फोट झाले आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन. ६६ हा आकडा दरवर्षी भाषणात येतो. त्या दिवशी जे भाजले, बहिरे झाले, हात-पाय गमावून घरी आले, त्यांचा आकडा भाषणात कधी ऐकलाय? मी तरी नाही.

दुसरा, ९ मे २०१५. मुंबईच्या काळबादेवीतली गोकुळ निवास इमारत. इमारत कोसळली तेव्हा दोन अधिकारी जागीच गेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन भाजलेल्या अवस्थेत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये होते. १४ मेला अमीन गेले, २४ मेला नेसरीकर.

थोडक्यात, 'जखमी' या रकान्यातून बाहेर पडायला दोनच दारं आहेत. एक शेजारच्या 'मृत' रकान्यात उघडतं. दुसरं थेट वर्तमानपत्राच्या बाहेर. दुसऱ्या दारातून जो जातो तो वाचतो, पण आपल्याला दिसेनासा होतो.

तिथून पुढे काय असतं? भाजलेल्या जागी दुसरीकडची कातडी लावतात. ती ताणली जाऊ नये, सांधे आखडू नयेत म्हणून महिनोन् महिने व्यायाम, दिवसरात्र घट्ट कपडे. आणि एक गोष्ट मला माहीतच नव्हती: अशा लावलेल्या कातडीला नीट घाम येत नाही. आता वर्ध्याचा मे महिना डोळ्यासमोर आणा, पारा ४५ च्या वर. ज्या माणसाच्या पाठीला आणि हातांना घामच येत नाही, त्याने तो उन्हाळा कसा काढायचा? त्याच्या घरी कूलर आहे की नाही, हा त्याच्यासाठी उपचाराचाच भाग झाला ना?

कायद्याने काहीच केलं नाही असं नाही. १९२३ सालीच कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली, याचा तक्ताच होता. दोन्ही हात गेले तर १००, अंगठा गेला तर ३०, तर्जनी गेली तर १४. तक्ता गरजेचाच होता. पण त्यात घामाचा रकाना नव्हता.

समाजाने केलेली मदतही आहे. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. शाळेत आपण सगळ्यांनी तो छोटा झेंडा विकत घेऊन खिशाला लावलाय. त्या पैशातून माजी सैनिक, वीरपत्नी, अपंग झालेले जवान यांना मदत मिळते. उत्तमच. पण पुलगावच्या अग्निशमन दलातले कर्मचारी सैनिक नव्हेत, संरक्षण खात्याचे मुलकी नोकर. आग एकच होती. आगीला हुद्दा कळत नाही, आपल्या मदतीच्या डब्याला मात्र कळतो.

मग करायचं काय? उत्तर मला पुन्हा वर्ध्यातच सापडलं. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत एक योजना सुरू केली. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. शेतवाल्याने जास्त, भूमिहीनाने कमी. गावातली बहुतेक घरं सामील झाली पाहिजेत. बदल्यात आजारपणात रुग्णालयाची सोय. विम्याचा हप्ता, पण पायलीने मोजलेला!

यातली खरी गंमत ज्वारीत नाही, वेळेत आहे. घरात कोणी आजारी नसताना, कणगी भरलेली असताना द्यायचं. आपण शहरातले लोक नेमकं उलटं करतो. आग लागली, टीव्हीवर दिसली, की गहिवरून पैसे पाठवतो. तिसऱ्या आठवड्यात गहिवर संपतो, आणि घट्ट कपडे घालून व्यायाम सुरू व्हायची वेळ तर तेव्हाच येते. गहिवराला मुदत असते. हप्त्याला नसते.

आपल्यातल्या प्रत्येकाच्या सोसायटीत मेन्टेनन्स आहे, लिफ्टचा वार्षिक करार आहे, गणपतीची वर्गणी आहे. त्यातच जवळच्या अग्निशमन केंद्रातल्या माणसांसाठी एक ओळ का नको? महिन्याला घरटी पन्नास रुपये. कोणी जखमी झाला तर पहिल्या वर्षाचा प्रवास, औषधं, कूलर, मुलांची फी. सरकारने द्यायचं ते सरकारने द्यावंच, त्याचा पाठपुरावाही करावा. २०१५ सालीच महालेखापरीक्षकांच्या अहवालात दारूगोळा भांडारांतल्या अग्निशमनाच्या साधनांचा आणि माणसांचा तुटवडा नोंदवला होता. पुलगावची आग त्यानंतरची.

मी आमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय मांडणार आहे. पार्किंगच्या भांडणातून वेळ उरला तर! आणि त्याआधी एक सोपं काम: शनिवारी चालत जाऊन आमच्या भागातलं अग्निशमन केंद्र नेमकं कुठे आहे ते बघून येणार आहे. इथे राहून नऊ वर्षं झाली, अजून मला माहीत नाही.

तुम्हाला तुमचं माहीत आहे?