वनव्यवहारातील इंग्रजी शब्द : गडचिरोली आणि चंद्रपूर

वनखाते, न्यायालय, महसूल कचेरी आणि तेंदू-बांबूचा बाजार यांच्यामार्फत पूर्व विदर्भातल्या या दोन जिल्ह्यांच्या बोलण्यात रुळलेले इंग्रजी शब्द. त्यांतले बहुतेक मूळ इंग्रजीत रोजच्या वापरातले आणि अनेकार्थी आहेत. इथे मात्र त्यांचा कोणता अर्थ धरायचा यावर जमीन कोणाची, बांबू कोणाचा आणि मोहफूल वेचायला परवानगी लागते का, हे ठरत आले आहे. म्हणून या नोंदीत कायद्यातल्या अर्थांना जास्त जागा दिली आहे.

वनखात्याची उतरंड सर्कल, डिव्हिजन, रेंज, राउंड, बीट अशी आहे. शासकीय मराठीत वनवृत्त, वनविभाग, वनपरिक्षेत्र, क्षेत्र आणि नियतक्षेत्र. बोलताना नियतक्षेत्र क्वचितच ऐकू येते, बीटच चालते. चंद्रपूर वनवृत्तातल्या ‘मध्य चांदा’ विभागाच्या नावात जिल्ह्याचे जुने नाव टिकून आहे. यातल्या जवळपास प्रत्येक शब्दाला दुसरेही काम आहे. शेतकऱ्याच्या तोंडी ‘सर्कल’ म्हणजे महसूल मंडळाचा अधिकारी. बीट पोलिसांचेही असते. आलापल्लीची रेंज वनखात्याची, पण भामरागड-एटापल्लीकडे ‘रेंज नाही’ म्हटले की फोन लागत नाही असा अर्थ होतो. कूप हा शब्द मराठी वाचकाला विहिरीकडे नेतो. वनव्यवहारातला कूप फ्रेंच भाषेतून, ‘कापणे’ या क्रियापदाकडून आला आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या अनेक वनाधिकाऱ्यांचे शिक्षण फ्रान्समध्ये नॅन्सीच्या वनविद्यालयात झाले होते. एका वर्षी तोडायचा जंगलाचा तुकडा या अर्थाचा शब्द त्यांच्याबरोबर सागवानात पोचला. आज तो इतका मुरला आहे की ‘कूपकटाई’ला मजूर जातात तेव्हा तो परका आहे हे कोणाच्या मनातही येत नाही.

फॉरेस्ट. या भागाची स्वतःची ओळखच झाडीवरून आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा पट्टा झाडीपट्टी, इथली बोली झाडीबोली. मराठीत वन, अरण्य, रान, जंगल, झाडी असे शब्द आहेत आणि त्यांची वाटणी बऱ्यापैकी स्पष्ट आहे : अरण्य पुराणातले, वन कागदावरचे, रान गावाला लागून असलेले, जिथे गुरे जातात आणि सरपण मिळते. यातल्या जंगल या शब्दाचा प्रवास उलटा आहे. संस्कृत ‘जाङ्गल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश. आयुर्वेदात तो पाणथळ ‘आनूप’ देशाच्या विरुद्ध येतो. तोच शब्द इंग्रजीने उचलला आणि तिथे त्याचा अर्थ झाला घनदाट, ओले, दुर्गम रान.

इंग्रजी फॉरेस्टलाही झाडांचे बंधन मुळात नव्हते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या शिकारीसाठी वेगळा कायदा लावलेला प्रदेश तो फॉरेस्ट. त्यात उघडी माळरानेही येत. डार्टमूरचा बराचसा भाग बोडका असूनही फॉरेस्ट म्हणवला जाई. सामान्य लोकांना चराई आणि सरपणाचे काही हक्क परत देणारी ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ ही सनद १२१७ची आहे. म्हणजे जंगल ही झाडांची वस्ती, हा अर्थ नंतरचा. आधीचा अर्थ सत्तेने आखलेली हद्द हा आहे. चांद्यात पोचला तो हा आधीचा अर्थ.

१९२७च्या भारतीय वन अधिनियमात ‘फॉरेस्ट’ची व्याख्याच नाही. राखीव वन, संरक्षित वन, ग्रामवन हे प्रकार आहेत, पण वन म्हणजे काय हे सांगितलेले नाही. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यातही ते नव्हते. ही पोकळी सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने भरली : जमीन कोणाच्याही मालकीची असो, फॉरेस्ट हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यावा. देशभरच्या जमिनीचे भवितव्य एका कोशार्थावर टांगले गेल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

त्याचा सर्वांत मोठा ताण पडला झुडपी जंगलावर. जुन्या मध्य प्रांताच्या निस्तार पत्रकांत, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांच्या कागदांत, गावाच्या चराईसाठी, वहिवाटीसाठी ठेवलेल्या, खुरट्या झुडपांच्या जमिनींची नोंद या नावाने होती. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ती सुमारे ८६ हजार हेक्टर भरते. कागदावर ‘जंगल’ लिहिलेले, पायाखाली माळ, आणि मधल्या काळात त्यावर शाळा, दवाखाने, घरे, कचेऱ्या उभ्या राहिलेल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी १९९६च्या आदेशाच्या अर्थाने वनजमिनीच असल्याचे सांगितले आणि १२ डिसेंबर १९९६पूर्वी झालेल्या वाटपांसाठी नियमित करण्याचा मार्ग ठेवला. निस्तार पत्रक लिहिणाऱ्या कारकुनाने ‘जंगल’ऐवजी ‘झुडपी रान’ लिहिले असते तर या जमिनींचा इतिहास वेगळा झाला असता, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते.

ट्री. बांबू वनस्पतिशास्त्रात गवत आहे. इथला मुख्य बांबू मानवेल, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलामस स्ट्रिक्टस. ज्या कुळात भात आणि गहू त्याच कुळातला. पण १९२७च्या कायद्याने ‘ट्री’ या शब्दात ताड-माड, बांबू, बुंधे, झुडपे आणि वेत हे सगळे घातले. झाड म्हटले की तोडल्यावर ते ‘टिंबर’, म्हणजे इमारती लाकूड. आणि लाकूड म्हटले की मालकी सरकारची व वाहतुकीला वनखात्याचा परवाना. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५पासूनची. या गिरणीला कराराने बांबू मिळत राहिला आणि घरचे कुडाचे काम करायला बांबू आणणारा गावकरी मात्र चोर ठरू शकत होता.

२००६च्या वनहक्क कायद्याने हाच बांबू गौण वनोपजांत घातला आणि तो गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क ग्रामसभेकडे दिला. एकाच वनस्पतीला एका कायद्यात झाड आणि दुसऱ्यात गौण उपज, असा हा पेच होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने तो सोडवायला भाग पाडले. गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी विक्रीसाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. इथल्या बोलण्यात या वाहतूक परवान्याला ‘टी.पी.’ म्हणतात. वन अधिनियमातल्या ‘ट्री’च्या व्याख्येतून बांबू निघाला तो त्यानंतर, नोव्हेंबर २०१७च्या अध्यादेशाने.

मायनर. इंग्रजीत या एका शब्दाचे अर्थ अल्पवयीन, किरकोळ, दुय्यम असे आहेत. वनखात्यात ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’ म्हणजे लाकूड सोडून जे उरते ते : तेंदूपाने, मोहफूल, डिंक, मध, लाख, हिरडा, कंदमुळे. मराठीत त्याला गौण वनोपज म्हणतात. हे ‘गौण’पण खात्याच्या हिशेबातले आहे. गोंड, माडिया कुटुंबांसाठी मोह आणि तेंदू हीच उन्हाळ्यातल्या रोख पैशाची मुख्य वाट. तेंदूच्या हंगामात गावोगावच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजले जातात. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक ‘स्टँडर्ड बॅग’. ही बॅग म्हणजे पिशवी नसून मोजमाप आहे, हे बाहेरच्या वाचकाने लक्षात घ्यावे. तेंदूचा व्यापार १९६९च्या राज्य कायद्याने सरकारच्या ताब्यात होता. वनहक्क आणि पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) यांच्या बळावर गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभा आता आपला माल स्वतः विकतात. मोहफुलाबाबत तर १९२७च्या कायद्याची व्याख्या आणखी पुढे जाते : ते जंगलातून आणलेले असो वा नसो, वनोपजच. स्वतःच्या बांधावरच्या मोहाखाली सडा वेचणाऱ्या बाईला ही व्याख्या कोणी तिच्या भाषेत समजावून सांगितली असण्याची शक्यता फार कमी. कायद्यातल्या या चार-दोन शब्दांचे गोंडी आणि माडिया अर्थ लिहून प्रत्येक ग्रामसभेत ठेवायला हवेत.

१९२७च्याच कायद्यात ‘कॅटल’ म्हणजे केवळ गाय-बैल नव्हेत. हत्ती, उंट, म्हशी, घोडे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या असे सारे त्यात येतात. त्यामुळे राखीव वनात शिरलेल्या शेळीला गुरांचाच नियम लागतो.

रिझर्व्ह. राखीव वनात जे परवानगी दिलेले नाही ते सारे मना. संरक्षित वनात जे मना केलेले नाही ते सारे चालते. ‘संरक्षित’ हा शब्द ऐकायला जास्त कडक वाटतो, प्रत्यक्षात तो सौम्य आहे. याने अनेकांची फसगत होते. ताडोबा १९५५पासून राष्ट्रीय उद्यान, आणि १९९०च्या दशकात अंधारी अभयारण्यासह तो ‘टायगर रिझर्व्ह’ झाला, मराठीत व्याघ्र प्रकल्प. तिथल्या गावांत कोर आणि बफर हे शब्द आता लहान मुलेही वापरतात. गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघही राखीव आहे, अनुसूचित जमातींसाठी. एक राखीवपण लोकांना बाहेर ठेवते, दुसरे त्यांना आत घेते, आणि शब्द एकच.

सेटलमेंट. महसुलात बंदोबस्त, म्हणजे जमिनीची मोजणी करून सारा ठरवणे. वनकायद्यात राखीव वन जाहीर करण्यापूर्वी लोकांचे हक्क तपासून निकाली काढणे. त्यासाठीचा अधिकारी तो फॉरेस्ट सेटलमेंट ऑफिसर. कोर्टाच्या आवारात तडजोड. आणि चौथा अर्थ वसाहत : फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत जंगल साफ करून जमिनी दिल्या गेल्या, आणि त्या गावांतून आजही बांगला बोलली जाते.