मेम्फिस, रात्री साडेआठ

१६८ दिवस आधी
४ मार्च १९६६. लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये मॉरीन क्लीव्हचा जॉन लेननवरचा लेख आला. बाई बीटल्सच्या चांगल्या परिचयातली, त्यामुळे वेब्रिजच्या घरात लेनन मोकळेपणी बोलला. ख्रिस्ती धर्म ओसरणार, आत्ताच आम्ही येशूपेक्षा लोकप्रिय आहोत. येशू ठीक होता, त्याचे शिष्य मात्र मठ्ठ, असं काहीबाही. तो धर्मावरची पुस्तकं वाचत होता, त्या भरात सुचलेलं. इंग्लंडने चहा पीत पान उलटलं.

२१ दिवस आधी
'डेटबुक' या अमेरिकी किशोरांच्या मासिकाने ती मुलाखत पुन्हा छापली. इथे कुणी 'ध'चा 'मा' केला नाही. आतला मजकूर होता तसाच होता, फक्त 'आधी काय संपेल, रॉक अँड रोल की ख्रिस्ती धर्म, ठाऊक नाही' हे लेननचं वाक्य उचलून मुखपृष्ठावर ठेवलं. त्याच मुखपृष्ठावर पॉल मॅकार्टनीचंही विधान होतं, काळ्या माणसांना अमेरिकेत मिळणाऱ्या वागणुकीबद्दल, अतिशय झोंबणारं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या रेडिओवाल्यांना डिवचलं ते मात्र येशूने. ज्या गावात तीनच वर्षांपूर्वी मोर्चातल्या मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले होते, तिथे कोणतं विधान दिसावं आणि कोणतं दिसू नये, हे लोकांनी बरोबर ठरवलं.

टॉमी चार्ल्स आणि डग लेटन या तिथल्या रेडिओ निवेदकांनी बीटल्सवर बंदी जाहीर केली. तबकड्या आणून द्या, चुरा करू, असं आवाहन केलं. एका वृत्तसंस्थेच्या बातमीदाराने ते ऐकलं, तारेवर बातमी गेली आणि आठवड्याभरात दक्षिणेतली स्टेशनं एकामागून एक सामील झाली.

सुमारे दोन आठवडे आधी
बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांपुढे. ज्या आयोजकाला येऊ घातलेल्या अमेरिका दौऱ्यातला कार्यक्रम रद्द करायचा असेल त्याला आडकाठी करणार नाही, म्हणाला.

८ दिवस आधी
शिकागो, अॅस्टर टॉवर हॉटेल. पत्रकारांसमोर येण्याआधी लेनन रडला, असं प्रसिद्धीप्रमुख टोनी बॅरोने पुढे सांगितलं. बाहेर येऊन त्याने समजावून पाहिलं: येशूऐवजी टीव्ही म्हटलं असतं तर कदाचित खपून गेलं असतं. पत्रकारांना समजून घ्यायचं नव्हतं, त्यांना एक शब्द हवा होता. फिरून फिरून विचारलं, शेवटी 'सॉरी' मिळालं. मला ती माफी अर्धवट वाटते, आणि म्हणूनच प्रामाणिकही.

५ दिवस आधी
टेक्सासमधल्या लाँगव्ह्यूच्या 'केएलयूई' स्टेशनने आदल्या दिवशी बीटल्सच्या तबकड्यांची होळी केली होती. आज स्टेशनच्या मनोऱ्यावर वीज पडली. यंत्रं जळाली, वृत्तविभागाचा प्रमुख बेशुद्ध झाला. (देव नक्की कुणाच्या बाजूने होता, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.)

साडेचार तास आधी
१९ ऑगस्ट, दुपारी ४. मेम्फिसच्या मिड-साउथ कोलिझियममध्ये पहिला खेळ. बीटल्सचं इथे स्वागत नाही, असा ठराव शहराच्या कारभाऱ्यांनी आधीच केलेला. बाहेर कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची निदर्शनं. गोळी घालू, अशा धमक्याही आलेल्या. दुपारचा खेळ निभावला.

शून्य
रात्री साडेआठचा खेळ. तिसरं गाणं, चौघांपैकी जॉर्ज हॅरिसनचं. गर्दीतून फटाका फुटला, थेट पिस्तुलाच्या बारासारखा. मंचावरच्या प्रत्येकाला वाटलं, आपल्यातल्या दुसऱ्या कुणाला तरी लागली. क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. कुणी पडलं नव्हतं. गाणं थांबलं नाही.

दहा दिवस नंतर
सॅन फ्रान्सिस्को, कँडलस्टिक पार्क. ४२,५०० जणांची जागा, तिकिटं सुमारे २५ हजार गेली. किंकाळ्यांत स्वतःचाच आवाज ऐकू न येण्याला चौघे आधीच कंटाळले होते; जुलैत फिलिपाइन्सच्या दौऱ्यात मनिलातून जीव मुठीत धरून निघावं लागलं होतं. मेम्फिसने उरलीसुरली हौस फेडली. अकरा गाणी झाली, चौघे चिलखती गाडीत बसले. तिकीट लावून केलेला त्यांचा हा शेवटचा कार्यक्रम.